आई म्हणणारा आवाज

"आई, मला सोडव गं! यांनी मला चौकीत आणून बसवलंय!"

कुकरची शिट्टी झाली, पण विमलाबाईंचं तिकडे लक्ष कुठलं? आवाज रोहिणीचाच होता, रडताना तस्साच फाटणारा. लेक पुण्यात नोकरीला आणि इथे जेल रोडच्या घरात विमलाबाई एकट्या.

मग कुणी पुरुष बोलू लागला. "मॅडम, मुलीच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा, केसमधून नाव काढतो. फोन कट करू नका. कुणाला सांगितलंत तर मुलगी आत जाईल."

असले फोन ओळखायचे कसे, हे विमलाबाईंना तोंडपाठ होतं. घाई करतात, कुणाशी बोलू देत नाहीत, पैसे मागतात, हल्ली तर कम्प्युटरवर ओळखीच्या माणसाचा हुबेहूब आवाजही काढतात. परवाच शेजारच्या वत्सलाबाईंना हे सगळं ऐकवून त्यांनी वर फुशारकीही मारली होती. पण लेकीचं रडू कानात शिरलं आणि सगळं शहाणपण चुलीत गेलं. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत, नुसत्या येरझाऱ्या. आणि त्यातही, मेलं, मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटत होतं. पोरीने आई म्हणून हाक मारली होती.

कारण रोहिणी त्यांना वहिनी म्हणायची. घरात चार दीर, चौघांची हाक वहिनी, पोरीनेही तीच उचलली. विमलाबाईंनी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. लेकीच्या तोंडून आई काही निघालं नाही ते नाहीच.

त्यांनी कसंबसं पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडलं आणि पिन दाबायला घेतला.

"लवकर कर ना, आई!"

बोट थबकलं. मागे गाडीवरून पडून हात मोडला, तेव्हासुद्धा पोरगी "वहिनी गं" म्हणूनच किंचाळली होती.

"रोहिणी, तू मला घरी काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"आई, हे काय विचारतेस? पैसे पाठव ना!"

विमलाबाईंनी फोन कापला आणि लगेच लेकीला लावला. रिंग वाजतच राहिली. त्यांचा जीव टांगणीला लागला.

"वहिनी, ऑफिसात आहे गं. काय झालं?"

विमलाबाईंनी कुकरखालचा गॅस बंद केला.

"काही नाही," त्या म्हणाल्या, "मला आणखी एकदा वहिनी म्हण."