ताम्रतीर्थातलं अक्षर

दिवेआगरच्या त्या नारळाच्या वाडीत गुरुवारी सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मांडवाच्या मधोमध काचेचं मोठं भांडं, त्यात तपकिरी तीर्थ आणि मागे भगव्या शालीतले ताम्रानंद महाराज.

"परलोकात फोन लागत नाही, माउली!" महाराज माइकवर म्हणाले. "पण तांबं लागतं! तांबं म्हणजे वीज, वीज म्हणजे आत्मा, आणि आत्मा म्हणजे नेटवर्क!"

त्यांनी तांब्याचा कोरा, चकचकीत पत्रा चारी बाजूंना फिरवून दाखवला आणि तीर्थात सोडला. अर्धा तास भजन झालं. मग पत्रा बाहेर काढून धुतला, तेव्हा तो सगळा निस्तेज झाला होता आणि त्यावर अक्षरं तेवढी लखलखत होती : 'आई, औषध सोड. तीर्थ घे. विनेश.'

"माझा पोर!" मनुबाईंनी हंबरडा फोडला. "बोलला गं माझा पोर!"

शेजारी त्यांची सून कोकिळा उभी होती. विनेश तिचा नवरा. आठ महिन्यांपूर्वी मोटरसायकल घसरून गेला. तेव्हापासून कोकिळा जेवत होती, झोपत होती, मुरुडच्या बाजारातलं भांड्यांवर नावं घालायचं दुकान चालवत होती. पण आत काही हलत नव्हतं. आजही हललं नाही. लोक रडत होते, आणि ती पत्र्याकडे गिऱ्हाइकाचं भांडं पाहावं तशी पाहत होती.

"येत्या गुरुवारपासून रोज तीन चमचे," महाराज मनुबाईंना म्हणाले. "पहिला चमचा माझ्या हातून. साखरेच्या आजाराच्या गोळ्या आजपासून बंद."

मनुबाईंनी गोळ्यांची पिशवी तिथेच वाडीच्या पाटात टाकली.

दुसऱ्या दिवशी कोकिळेने तो पत्रा दुकानात आणला. दुकानात म्हातारे कारागीर येसाजीकाका आणि हाताखाली काम शिकलेली रुचिका चहा घेता घेता मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. कोरीवकाम घरबसल्या शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ म्हणजे त्यांची रोजची करमणूक.

"ऐका काका," रुचिका म्हणाली. "पत्रा रात्रभर दह्यात ठेवा, लोण्यासारखा मऊ होतो. मग चमच्याने कोरा."

"आणि उरलेल्या पत्र्याची कढी करा म्हणावं!" येसाजीकाका खोकेपर्यंत हसले. "चाळीस वर्षं छिन्नी धरून अंगठा वाकडा झाला माझा. दही न्हाय सुचलं."

"हा दुसरा बघा. छिन्नी नको, हातोडी नको. बिनरंगाच्या नेलपॉलिशने नाव लिहा, वाळवा, आणि सर्किट बोर्ड बनवायच्या रसायनात बुडवा."

"अगं, पण तसं केलं तर नाव राहील आणि बाकीचा पत्रा झिजेल! नाव कोरायचं सोडून हा नाव सोडून सगळं कोरतोय!"

दोघं हसत होते. कोकिळा हसली नाही. तिने महाराजांच्या पत्र्यावर बोट फिरवलं. छिन्नीने कोरलेलं अक्षर बोटाला खोल लागतं, कडेला किंचित खरखरतं. हे अक्षर वर आलेलं होतं, आणि गुळगुळीत.

"रुचिका," ती म्हणाली, "परत लाव तो व्हिडिओ."

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून रसायन आणलं. ते तपकिरी होतं. नेलपॉलिशने लिहिलेलं 'कोकिळा' वाळल्यावर पत्र्यावर कुणालाच दिसेना. अर्ध्या तासाने ते लखलखत बाहेर आलं. येसाजीकाकांचं हसू मावळलं.

"आणि ह्ये मनुवहिनी पिणार?"

कोकिळा घरी गेली. मनुबाईंना समजावून पाहिलं. त्यांनी कान झाकले. "तुला त्याचं काय न्हायच," त्या म्हणाल्या. "डोळ्यांतून टिपूस आला न्हाय तुझ्या."

ते खरंच होतं.

गुरुवारी दोघी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरल्या. येसाजीकाका आणि रुचिका सोबत होते. मांडवात त्या दिवशी संदेश मिळायचा नंबर कृष्णाबाई नावाच्या एका बाईंचा होता. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव गणराज. महाराजांनी कोरा पत्रा उचलला, तशी कोकिळा उठून पुढे गेली.

"महाराज, मी नवा पत्रा आणलाय. यावर आणा अक्षर."

"मंत्रवलेला पत्रा लागतो, बाई. शंका म्हणजे तांब्यावरचा कळंक!"

"मग मंत्रवलेलाच द्या. जरा पुसून देते. पुसल्याने मंत्र जात नाही ना?"

लोक हसले. महाराजांना नाही म्हणता येईना. कोकिळेने पिशवीतून कापूस आणि नेलपॉलिश पुसायच्या द्रावाची बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर पत्र्याचा उजवा अर्धा भाग पुसला. मग पत्रा तिनेच तीर्थात सोडला. भजन कुणी म्हटलं नाही. अर्धा तास मांडवात फक्त पंखा घरघरत होता.

पत्रा बाहेर आला. त्यावर 'गण' होतं. पुढे काही नव्हतं.

"उरलेला नवरा कुठं गेला माझा?" कृष्णाबाईंनी विचारलं. त्या चेष्टेत विचारत नव्हत्या, म्हणून कुणी हसलं नाही.

"तुम्ही नाव कधी सांगितलं होतं यांना?" कोकिळेने विचारलं.

"सोमवारी. फॉर्म भरून घेतात न्हाय का आपल्या सगळ्यांकडून आधी? नाव, आजार, चालू औषधं."

"तेच यांनी बिनरंगी नेलपॉलिशने पत्र्यावर लिहिलं. हे पाणी तांबं खातं. पॉलिशखालचं तेवढं वाचतं, म्हणून चमकतं. आमच्या दुकानातही येतं असं, मंत्राशिवाय." मग तिने चमचा भरून महाराजांपुढे धरला. "पहिला चमचा तुम्ही घ्या."

"आज... आज माझा निर्जळी उपास आहे."

"मग माझ्या सासूने का प्यायचं?"

महाराज खुर्चीवरून उठले ते गाडीपर्यंत थांबले नाहीत. चार माणसं मागे धावली. पोलिसांना फोन येसाजीकाकांनी केला.

परतीच्या बोटीवर मनुबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या. मग म्हणाल्या, "खोटं होतं, पण त्याचं नाव तर होतं. तेवढं ठिवायचं होतंस माझ्याकडं. तुला नको व्हतं व्हय त्याचं अक्षर?"

"हवं होतं," कोकिळा म्हणाली. आवाज कोरडाच होता. "तुमच्याइतकंच हवं होतं, आई. म्हणून तर बोट फिरवून बघितलं. नको असतं, तर कशाला तपासलं असतं?"

मनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"डाक्टर किती वाजेपर्यंत बसतो गं?" त्यांनी विचारलं.

माणूस दुःखात असला की त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही. त्याला काय हवंय एवढं माहीत असलं की पुरतं. म्हणून जे खरं असावं असं फार वाटतं, तेच आधी हातात घेऊन तपासावं. आपल्या माणसावरचं प्रेम त्याने कमी होत नाही.