विचुंब्याचा समुद्र

मला झोपायचं होतं, म्हणून मी गणपतीपुळ्याला जाते असं सांगितलं.

यात तुम्हाला काही विचित्र वाटत असेल, तर तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, एवढंच मी म्हणेन. बाईमाणसाने "मला चार दिवस नुसतं झोपायचंय" म्हटलं की लोक विचारतात, काय होतंय, शुगर तपासलीस का. देवाला जाते म्हटलं की कुणी काही विचारत नाही. उलट "आमचाही नमस्कार सांग" म्हणतात.

सासूबाईंना पॅरॅलिसिसचा झटका आला त्याला आता तीन वर्षं होतील. डावी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण डोकं शाबूत आणि कान माझ्यापेक्षा तिखट. माझा नवरा प्रभाकर नोकरीसाठी गुजरातेत, दहेजला असतो. महिन्यातून एकदा येतो, आईच्या उशाशी बसतो, मला "फार दमतेस गं तू" म्हणतो आणि जातो. बाकी डायपर, औषधं, भरवणं, पुसणं सगळं माझ्याकडे. रात्रीसुद्धा सारखं उठून कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तीन वर्षांत सलग झोप कशी असते तेच मी विसरले होते.

यंदा वन्सं, म्हणजे प्रभाकरची बहीण सत्यवती, नाशिकहून फोनवर म्हणाल्या, "मी येते चार दिवस, तू जरा कुठे जाऊन ये." म्हणाल्या आणि चक्क आल्याही. असं पहिल्यांदाच घडत होतं.

आता खरोखर गणपतीपुळ्याला जायचं तर रात्रभर बसमध्ये मान वाकडी करून बसायचं, देवळाच्या रांगेत उभं राहायचं, वाळू तुडवायची आणि आणखी दमून परत यायचं. कोणी सांगितलंय. विचुंब्यात एका बंगल्यावर 'बेड अँड ब्रेकफास्ट' अशी पाटी मी मागे पाहिली होती. आमच्या जुन्या पनवेलातल्या घरापासून रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं. फोन करून खोली घेतली. पण एवढ्या जवळ आहे हे वन्संना सांगितलं असतं, तर "जरा पाच मिनिटं येऊन जा ना" असं दिवसातून दहादा झालं असतं. म्हणून महिला मंडळाची ट्रिप आहे असं ठोकून दिलं. खोटं उघडं पडलं तर वन्सं पुन्हा कधीच येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मला हे चार दिवस पुढच्या वर्षीही हवे होते.

निघताना सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानं ऐकणं हा त्यांचा एकमेव उद्योग. "हे उतरतंय," "हे चाललं," असं पुटपुटत असतात. मी वाकून म्हटलं, "येते हं, आई."

"प्रसाद आण," त्या म्हणाल्या.

झालं. प्रसादाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बंगल्याच्या मालकीणबाई सखूबाई. इथल्याच आगरी कुटुंबातल्या. जमिनीचे पैसे आले तेव्हा तीन मजली घर बांधलं आणि विमानतळामुळे पाहुणे येतील म्हणून मुलाने, दीपेशने, वरच्या खोल्या भाड्याने द्यायला काढल्या. खोली स्वच्छ होती. पांढरी चादर, खिडकीला पडदा, आणि कुणाच्याही औषधाचा वास नाही. मी दार लावलं, पलंगावर आडवी झाले आणि छताकडे बघत बसले.

झोप येईना. झोप येण्यासाठी आले होते आणि झोप येईना. डोळा लागला की शरीर आपोआप उठून बसायचं, कुणाची तरी कूस बदलायला. समोर भिंत. पुन्हा आडवी व्हायचे, पुन्हा तेच. सकाळी तर मला रडूच आलं, आणि आपण रडतोय याचा रागही आला.

त्यात सखूबाई. दर थोड्या वेळाने दारावर टकटक.

"ताई, चाय आनू?"

"नको हो."

"ताई, भाकरी गरम हाय. अंड्याची पोली करू?"

"नंतर."

"ताई, बरं हाय ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार उघडलं ते भांडायच्या तयारीनेच. पैसे भरून आलेल्या माणसाला कुणी असं छळतं का? बाहेर सखूबाई उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा पाहून मी भांडायचं विसरले. बाई घाबरलेल्या होत्या.

"तुमी एकट्या आल्या," त्या म्हणाल्या. "कर्नाळ्याला जात नाय, शिरढोणला जात नाय, जेवत नाय, निस्त्या दार लावून पडल्यात. मना वाटलं, काय खाल्लं-बिल्लं तर नाय ना यांनी."

मला आधी हसू आलं आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी दारातच सगळं सांगून टाकलं. सासूबाई, वन्सं, गणपतीपुळे, सगळं. वाटलं, आता ही बाई नावं ठेवणार. म्हातारीला टाकून इथे येऊन लोळतेय म्हणणार.

सखूबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजी सासू पन होती जाग्यावर. लय वरसं. मी तवा शेतावर जाऊन बांधाला झोपाची. घरात सांगाची, गवत काढतंय." त्यांनी मला पलंगाकडे ढकललं. "झोपा तुमी. मी हितंच बसतंय."

तेवढ्यात फोन वाजला. वन्संचाच. दोन दिवसांत त्यांचे किती फोन आले असतील याचा मी हिशेबच सोडला होता. रबराची चादर कुठे, पेज किती पातळ, ही गोळी आधी की ती. या वेळी म्हणाल्या, "आईशी बोल जरा, स्पीकरवर ठेवलाय." मी खिडकीशी गेले. हवा यावी म्हणून ती उघडीच होती.

"कशा आहात, आई?" मी विचारलं, आणि नेमकं तेव्हाच एक विमान घराच्या डोक्यावरून घरघरत गेलं.

"कसला गं एवढा आवाज?" वन्संनी विचारलं.

"समुद्राचा," मी म्हटलं. "भरती आहे."

"बाई बाई, केवढी ती भरती."

सासूबाई बोलायच्या आत तिकडेही कसलीशी घरघर सुरू झाली, काही धड ऐकू येईना, म्हणून मी फोन ठेवला. माझी मलाच शरम वाटली. म्हातारीने बिचारीने वर्षानुवर्षं समुद्र पाहिलेला नाही, आणि मी तिला विमानाचा आवाज समुद्र म्हणून खपवत होते.

पण त्यानंतर मी झोपले. सखूबाईंनी जिन्यात पाट टाकला, सुपात तांदूळ घेतले आणि निवडत बसल्या. फोन त्यांनी माझ्याकडून काढून घेतला होता. "कोन बोलला तर सांगतंय, बाई देवलात गेल्यात," असं त्यांनी मला बजावलं. तांदूळ पाखडल्याचा आवाज दाराआडून येत होता आणि त्या आवाजावर माझा डोळा लागला. उठले तेव्हा खोलीत दुसऱ्या दिवसाचं ऊन होतं. कूस बदलायला मी एकदाही उठले नव्हते. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, चटणीला लावून, आणि पुन्हा झोपले.

निघायच्या दिवशी प्रसादाचा प्रश्न उभा राहिला. पेढे पनवेलच्या बाजारात वाटेल तेवढे मिळतात, पण दुकानातला पेढा देवाचा म्हणून आजारी माणसाच्या तोंडात घालायचा, हे मला जमेना. खोटं बोलायलाही मर्यादा असते. सखूबाईंनी तो गुंता सोडवला. दीपेशकडून पेढे आणवले, मला गावातल्या देवळात नेलं आणि पेढे देवापुढे ठेवायला लावले. "आता परसाद झाला," त्या म्हणाल्या. "कुठचा ते इचाराचं नाय." दुकानाचा खोका काढून त्यांनी पेढे आपल्या स्टीलच्या डब्यात भरून दिले.

घरी वन्सं दारातच होत्या. केस विसकटलेले, डोळ्यांखाली काळं. चार दिवसांत माणूस किती उतरतं ते मी बघत राहिले.

"समुद्रावर होतीस ना? काळी नाही झालीस," त्या म्हणाल्या.

"छत्री होती."

"फोटो दाखव की."

"मोबाइलमध्ये जागाच नव्हती हो."

त्या माझ्या चपलांकडे बघत होत्या. वाळूचा कण नव्हता. मी घाईने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. वन्संनी एक पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि भुवया वर केल्या.

"हा तर आपल्या इथल्यासारखा लागतोय, प्रमिला. अगदी तसाच."

संपलं, असं वाटलं. आता ही विचारणार, मला सांगता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीच कुणी येणार नाही.

"सत्यवती," पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. "प्रसादाला नावं ठेवू नये. पुळ्याचा पेढा असाच असतो. मी खाल्लाय." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. "मला दे."

आईचाच शब्द म्हटल्यावर वन्संनी निमूट एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. दुपारी जेवून त्या नाशिकला निघाल्या. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "कसं करतेस गं तू हे?" तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला.

आत येऊन मी सासूबाईंची कूस बदलायला घेतली. या बाईने माझ्या लग्नापासून माझ्या एकाही भाजीला चांगलं म्हटलेलं नाही. आज पेढा चाखायच्या आधीच त्या माझ्यासाठी खोटं का बोलल्या, हे विचारायचा धीर होईना. त्यांच्या पाठीला पावडर लावताना वरून विमान गेलं. त्या ऐकत राहिल्या, आवाज पुरता विरेपर्यंत.

"परवा हे तुझ्या फोनात आधी वाजलं," त्या म्हणाल्या. "मग माझ्या खिडकीत."

माझा हात तिथेच थांबला. तोंड त्यांचं भिंतीकडे होतं आणि तेच बरं होतं, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"झोप झाली का?" त्यांनी विचारलं.

"एक दिवस झाली, आई."

"एकच?" त्यांचा श्वास सावकाश होत गेला. मला वाटलं, डोळा लागला. मी चादर ओढली आणि खिडकीचा पडदा सरकवायला उठले.

"पुढच्या वर्षी खिडकी लावून बोल," त्या म्हणाल्या.