दहा हजार एक पणत्या

१९९६ची त्रिपुरी पौर्णिमा. तळवलीच्या देवळासमोरच्या मैदानात दुपारी तीनला दहा हजार एक पणत्या टोपल्यांत तयार होत्या. नवस कान्हा पाटलांचा. मुलगी मनस्वी बारावीला गणितात नापास झाली तेव्हा त्यांनी तो बोलला होता. यंदा जूनमध्ये ती पास झाली. देवाला शून्यावर संपणारा आकडा देत नाहीत, म्हणून वर एक.

पणत्या मांडायला पाटलांचे भाडेकरू मानसिंग आठ माथाडी सोबती घेऊन आले होते. साताऱ्याकडची ही माणसं रोज बाजारात पोत्यांच्या थप्प्या लावत. वाकडी रांग त्यांना खपत नसे. शंभर रांगा, प्रत्येकीत शंभर, असं ठरलं. उरलेली एक कुठे ठेवायची, यावर अर्धा तास गेला. पाटील म्हणाले, पुढे वेगळी ठेवू. पत्नी गोजराबाईंना ते पटेना.

"देवाम्होरं दिवा एकटा ठेवायचा नाय," त्या म्हणाल्या. "सगल्या रांगा सारख्या पायजेत."

मनस्वी जूनपासून घरीच होती. तिला गणितच घेऊन बी.एस्सी. करायचं होतं आणि पोरीला रडवणारा विषय पुन्हा नको, यावर पाटील अडून होते. तिने संधी साधली.

"बाबा, एकही न उरता रांगा बसवल्या, तर पुढच्या जूनला मला कॉलेजात पाठवाल?"

"बरं," पाटील हसले. "नि नाय बसल्या, त यो विषय परत काढायचा नाय."

ती पायरीवर वही घेऊन बसली. तीनने भाग जाईना, सातने जाईना, अकराने नाही. मानसिंगांनी विचारलं, हे कुठवर चालायचं? तिने सांगितलं, सत्त्याण्णवपर्यंत, तेही फक्त मूळ संख्या. रांगा आणि रांगेतल्या पणत्या, दोन्ही आकडे शंभरावर गेले तर गुणाकार दहा हजार एकच्या पुढे जातो; म्हणजे एक तरी आतच सापडायला हवा.

"सापडू दे," मानसिंग म्हणाले. "घाई न्हाई, पर ताई, सूर्य काय आमच्या टोळीतला न्हाई."

एकाहत्तरने भागून एकसष्ट उरले. आता पाचच संख्या बाकी होत्या. मनस्वीने त्र्याहत्तर घेतला, भागाकार केला, मग गुणाकार करून ताळा पाहिला आणि वही मानसिंगांपुढे धरली. त्र्याहत्तर रांगा, प्रत्येकीत एकशे सदतीस.

दोऱ्या ताणल्या गेल्या. गावातल्या बायकाही हात लावायला आल्या. साडेपाचला शेवटची टोपली रिकामी झाली, आणि शेवटची रांग पाटलांनी स्वतः मोजली. दोनदा. एकशे सदतीस.

कंबरेवर हात ठेवून ते सावकाश उभे राहिले.

"जा कॉलेजला," ते म्हणाले. "पन नापास झालीस, त तुझा नवस तूच बोल. मला परत वाकवायचा नाय."