सरांची चिठ्ठी

मालेगावात कार्यक्रम कुणाचाही असो, सूत्रसंचालन भगवंतराव सरांचंच. निरोप समारंभ, दुकानाचं उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस, आणि हो, श्रद्धांजली सभासुद्धा. जिवंतपणी ज्याला कुणी चहा विचारला नाही, अशा माणसावरही सर असं काही बोलत की त्याच्याशी बांधावरून भांडलेले शेजारीही रुमाल काढत.

सख्ख्या धाकट्या भावासाठी मात्र सरांना एक शब्द बोलता आला नव्हता. फुलचंद दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात कोरोनानं गेला. दवाखान्यातून गेला तो परस्परच गेला. ना दसवा धड झाला, ना तेरवीला कुणी फिरकलं. त्यांच्या आईनं, गिरजाबाईनं, बाकी सगळं सोसलं, पण एक गोष्ट तिच्या जिवाला लागून राहिली. "माह्या लेकाच्या नावानं चार माणसं बसली नाहीत रे, भगवंता," ती म्हणायची. नंतर सभा घ्यावी असं सरांच्या मनात दोनदा आलं. पण त्या वर्षी घरोघरी माणसं गेली होती, एकट्या आपल्या भावासाठी लोकांना बोलवायचं कसं, असं म्हणून त्यांनी ते राहू दिलं. चार वर्षं राहूनच गेलं.

अशात व्यापारी मंडळानं तालुक्यातल्या उद्योजकांचा पुरस्कार सोहळा ठरवला आणि प्रमुख वक्ता म्हणून वीरेंद्रला बोलावलं. वीरेंद्र सरांचा विद्यार्थी आणि फुलचंदचा भागीदार. दोघांनी सरांच्याच मळ्यात हिरव्या जाळीखाली मिरची-टमाट्याची रोपं तयार करून विकायला सुरुवात केली होती. लोक हसले होते. घरी बी टाकता येतं, तर रोप विकत कोण घेईल? तेव्हा फुलचंदनं मोटरसायकलच्या मागं रोपांचे ट्रे बांधले आणि पार रिठदपर्यंतची खेडी पालथी घातली. पहिला ट्रे फुकट द्यायचा, आणि पंधरा दिवसांनी रोपं कशी आहेत ते बघायला स्वतः जायचं, ही त्याची पद्धत. आज वीरेंद्रची रोपं पाच जिल्ह्यांत जातात.

सरांनी फोनवर भीत भीतच विषय काढला. तीस वर्षं मुलांना दरडावलेला माणूस, पण शिष्याकडे काही मागताना जीभ जड झाली.

"सर, तुमी सांगाची गरज हाय काय?" वीरेंद्र म्हणाला. "फुलाभाऊचं नाव घेतल्याबिगर माहं भाषण व्हतच नाही. तुमी फक्त मायले घेऊन या."

गिरजाबाईला सांगितलं, तर ती दोन दिवस आधीपासून तयारीला लागली. पेटीतलं जपून ठेवलेलं लुगडं काढलं, ते उन्हात टाकलं. "साऱ्या तालुक्यापुढं घेनार म्हनते का नाव?" तिनं तीनदा विचारलं. "मंग मी येतो."

कार्यक्रम चारचा होता, म्हणजे साडेपाचला सुरू झाला. मंगल कार्यालय भरलं होतं. सरांनी आईला तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसवलं आणि माईक हातात घेतला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मंडळाचे अध्यक्ष उकंडराव प्रास्ताविकाच्या नावाखाली अर्धा तास बोलले. वक्त्याचा परिचय सरांनी करून दिला, त्यात फुलचंदचं नाव त्यांनी घेतलं नाही. माईकवर घरचं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. लोक नेमाला मान देत, म्हणून त्यांनाही तो फार मोठा वाटे.

वीरेंद्र बोलायला उभा राहिला. पोरगा चांगला बोलत होता. शाळा, गरिबी, पहिल्या वर्षी सडलेली रोपं, बँकेतल्या साहेबाची नक्कल. लोक हसत होते, टाळ्या देत होते. गिरजाबाई पुढं सरकून बसली होती, पदर कानामागं सारून.

तेवढ्यात बाहेर गाड्या वाजल्या. ज्यांच्या हस्ते पुरस्कार द्यायचे ते साहेब आले होते आणि त्यांना इथून पुढं मानोऱ्याला लग्नाला जायचं होतं. उकंडराव व्यासपीठावर वाकत वाकत सरांच्या कानाशी आले. "सर, आवरा आता. साह्यब थांबनार नाहीत. चिठ्ठी द्या."

चिठ्ठी म्हणजे सरांचं खास हत्यार. वक्ता लांबला की सर कागदाच्या चिठोऱ्यावर 'कृपया आवरते घ्या' एवढं लिहीत आणि त्याच्यापुढं ठेवत. भलेभले त्या चिठ्ठीला मानत. सरांनी सवयीनं लिहिली, उठले, वीरेंद्रच्या पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि जागेवर येऊन बसले.

"आता," वीरेंद्र म्हणाला, "ज्या एका मानसामुळं मी इथं उभा हाय, त्याच्याकडं येतो." आणि घोटभर पाण्यासाठी त्यानं ग्लास उचलला.

चिठ्ठी त्यानं वाचली. मग वळून सरांकडं पाहिलं. शाळेत उत्तर देण्याआधी पाहायचा तसंच. सरांनी नुसती मान हलवली असती, हातानं 'बोल' अशी खूण केली असती, तरी पुरलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण एका बाजूला उकंडराव डोळे वटारून उभे होते, साहेब पायऱ्या चढत होते, आणि स्वतःच्या भावासाठी साहेबांना ताटकळत ठेवलं, असं उद्या कुणी म्हटलं तर? सरांनी मान खाली घातली आणि पुरस्काराची यादी चाळू लागले.

"सरांची चिठ्ठी आली," वीरेंद्र हसून म्हणाला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "गुरुजींचा हुकूम मोडता येत नाही. बाकीचं पुढच्या खेपेले."

टाळ्या पडल्या. सर माईकवर गेले आणि म्हणाले, "अत्यंत मोलाचं मार्गदर्शन लाभलं." वाक्य तोंडपाठ होतं, म्हणून ते बाहेर तरी पडलं. त्यानंतर त्यांनी नऊ उद्योजकांची नावं पुकारली, त्यांच्या बापांची, गावांची, दुकानांची नावं पुकारली. तिसऱ्या रांगेकडं मात्र एकदाही पाहिलं नाही.

कार्यक्रम आटोपला. वीरेंद्रनं येऊन गिरजाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. लोक फोटोसाठी त्याला ओढत होते. जाता जाता तो सरांना हळूच म्हणाला, "सर, काहून देल्ली जी चिठ्ठी?" सर पुरस्काराच्या यादीची घडी घालत राहिले.

हॉल रिकामा झाला. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. गिरजाबाई तशीच बसून होती. सर जवळ गेले तेव्हा ती चोरट्यासारखी म्हणाली, "भगवंता, मले झपकी लागली व्हती का रे?"

सर शेजारची खुर्ची बाजूला सारू लागले.

"म्हणजे मी तं जागीच व्हती वाट्टे. पन फुलाचं नाव काही कानावर आलं नाही. वीरेंद्र असा खोटा बोलनारा नाही. मीच झोपली असन."

खरं काय ते तिथंच सांगून टाकायचं होतं. सर तिच्या पायाशी खाली बसले. "लागली व्हती माय, थोडीशी," ते म्हणाले.

"मंग घेतलं ना त्यानं नाव?"

"घेतलं."

"काय म्हनला?"

"म्हनला... फुलाभाऊ नसता तं मी कोनी नसतो. म्हनला, गाडीवर रोपं बांधून हिंडला..." इथवर आले आणि सरांनी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. जन्मभर परक्यांच्या मेलेल्यांवर तासतास बोललेला माणूस, दोन वाक्यांच्या पुढं जाऊ शकला नाही.

म्हातारीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, भावाच्या आठवणीनंच रडतो. "लोकाईनं टाळ्या वाजवल्या का?"

"लय वाजवल्या."

तिनं समाधानानं मान हलवली, आणि मग आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी मेली, तेवढ्यातच कशी झोपली वं बाई!"

अजूनही मळ्यावर कुणी भाजी घ्यायला आलं की ती त्याला बसवून घेते आणि सांगते, माझ्या पोराचं नाव साऱ्या तालुक्यापुढं घेतलं आणि मी करंटी झोपून राहिली. सर तिथं असले तर उठून विहिरीकडं जातात.