सहादूचा नारळ

कानिफनाथाचं बोट कागदाच्या शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथंच अडकलं.

"वाच की लेका," मागून कुणीतरी ढोसलं.

"वाचतोय. इंग्रजी अक्षरं हायेत, येळ लागतो."

वेळ काही इंग्रजीमुळं लागत नव्हता. कानिफनाथ दहावीपर्यंत शिकलेला फिटर होता, नावं-तारखा वाचायला त्याला काय होतंय? पण नोटीस बोर्डासमोरच्या घोळक्यात सगळ्यात मागं सहादू खलाशी टाचा उंचावून उभा होता, आणि शेवटच्या ओळीत त्याचंच नाव होतं.

"माजं नाव दिसतंय न्हवं?" सहादूनं विचारलं. आपलं नाव इंग्रजीत कसं दिसतं एवढं त्याला ठाऊक होतं.

"हाय."

"म्होरं काय लिवलंय?"

"नारळ," कानिफनाथ खाली बघत म्हणाला. "दसऱ्याची तारीख हाय. नारळ, आन सहादू. बास."

आपल्याकडं माणसाला कामावरून काढलं असं कुणी तोंडावर म्हणत नाही, नारळ दिला म्हणतात. पोटावर पाय द्यायचा तोही शुभशकुनानं, ही आपली रीत. त्यामुळं त्या ओळीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. सहादूनं टाचा खाली टेकल्या, टोपी सारखी केली आणि तो तिसऱ्या बॉयलरकडं चालू लागला.

बेलापूरच्या वाटेवरच्या त्या साखर कारखान्यात त्या वर्षी तिसरा बॉयलर उभा राहत होता. दसऱ्याला तो पेटवायचा आणि मग गळीत सुरू, असं ठरलं होतं. सहादू तिथला खलाशी. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे, नगर जिल्ह्यात कुठला आलाय समुद्र! दोरखंड आणि चेनकुप्पी लावून टनावारी लोखंड वर चढवणारा गडी. त्यानं आरोळी दिली की बाकीच्यांनी जोर लावायचा. पहिल्या बॉयलरच्या वेळी तो पोरसवदा होता, आता मिशा पिकल्या होत्या. एवढं होऊनही तो हंगामीच राहिला. काम निघालं की बोलावणं, संपलं की घरी. कायम करा म्हणून अर्ज द्यावा, तर पुढच्या मीटिंगला बघू असं उत्तर ठरलेलं. बघणारे संचालक बदलत गेले, पण ती पुढची मीटिंग काही आली नाही.

यंदा चीफ इंजिनिअर साहेबांनी कामाचं सगळं वेळापत्रक कॉम्प्युटरवर घेतलं होतं; बोर्डावरचा कागद त्यातूनच निघाला होता. श्रीरामपूरहून रोज एसटीनं येणारी दीपा मॅडम ते मशीन चालवायची. मॅडम कसली, पोरगीच. ती साइटवर येऊन सहादूला विचारायची, "काका, ड्रम चढवायला किती दिवस धरू?" तो म्हणायचा, "वारं न्हाई सुटलं तर चार धर." एकदा तिनं त्याला गार केबिनमध्ये नेऊन पडदा दाखवला. त्याचं काम निळ्या पट्टीसारखं दिसत होतं. एका पट्टीचा बाण दुसरीत शिरलेला, दुसरीचा तिसरीत. सहादू हरखून गेला होता. सगळ्यात शेवटी एक काळा चौकोन कोपऱ्यावर उभा होता.

"आन ह्यो शंकरपाळा कसला?"

"तो शेवट, काका. शंकरपाळा आला की काम संपलं."

दोघं हसली होती. आता बॉयलरच्या सावलीत बसल्यावर सहादूला तो शंकरपाळा आठवला. म्हणजे पोरीनं तेव्हाच सांगितलं होतं तर! आपणच खुळे, खीखी करून हसलो. त्याला मशीनचा राग आला नाही, दीपाचाही नाही. फार वाईट मात्र वाटलं. तोंडावर सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. चांगुणाबाई चुलीपुढून उठलीच नाही.

"साहेबाला इचारलं का?"

"काय इचारायचं त्यात? लिवलंय तितं."

"लिवलेलं चुकतं बी. इचारायला काय पैसं पडत्यात?"

"अगं, इचारलं म्हंजी हात जोडल्यावानी व्हतं. त्यानं दया येऊन ठिवलं तर ती दयाच व्हईल. आजवर न्हाई कुनाची घेतली."

"तुमचं त्वांड उघडाया बी चेनकुप्पीच लावावी लागंल!" चांगुणाबाईनं भाकरी तव्यावर आपटली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "धूर लई हुतोय." चूल तर चांगली धडधडून पेटलेली होती.

पुढचे दिवस मोठे मजेशीर गेले, मजा कसली ती ज्याची त्याला ठाऊक. कालपर्यंत सहादूच्या चहात वाटेकरी होणारे आता त्याला चहा पाजू लागले. कुणी विडी पुढं करी, कुणी खांद्यावर हात ठेवी. जित्या माणसाला दहाव्याचा मान मिळत होता. सगळे हळहळत होते, पण हे खरं का म्हणून चीफ साहेबांना विचारायला एकही गेला नाही. उगाच आपलं नाव कशाला पुढं करा? कानिफनाथ एकदा केबिनच्या दारापर्यंत गेला होता. दार लोटायचं सोडून तो चप्पल नीट करून परत आला.

सहादूनं शेवटचा ड्रमही चढवला. नंतर आपला स्वतःचा, हातानं वळलेला दोरखंड त्यानं कानिफनाथाच्या गळ्यात घातला.

"मला घरी काय कराचा? बैल तर कवाच इकलं."

"र्‍हाऊ दे की दादा."

"घे. वल लागू दिऊ नको."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो टाइम ऑफिसात गेला आणि गेटचा पास टेबलावर ठेवला. तिथल्या कारकुनाजवळही तीच यादी होती. त्यानं यादी पाहिली, सहादूकडं पाहिलं, पास खणात टाकला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "बरं." सहादूच्या मनात कुठंतरी एक तीळभर आशा जीव धरून होती, ती त्या 'बरं'नं मेली.

दसऱ्याला बॉयलरला झेंडूची तोरणं लागली. चेअरमन जोडीनं पूजेला बसले. सहादू धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या मागं उभा होता. पूजा झाली तसे चीफ साहेब उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "सहादू! ये पुढं. नारळ!"

गर्दीनं वाट करून दिली. सहादू पुढं गेला. साहेबांनी हसून नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरोपाला टाळ्या वाजवायचीही पद्धत आहेच. सहादूनं नारळ कपाळाला लावला, साहेबांना वाकून नमस्कार केला, म्हणाला, "येतो साहेब. काय चुकलंमाकलं आसंल तर..." आणि पाठ फिरवून गेटकडं चालू लागला.

भटजी समोर दगड मांडून बसलेले. चेअरमन वाट बघतायत. हळद आणायला गेला असेल, असं कुणाला वाटलं.

"अरे, गेला कुठं हा?" चीफ साहेब म्हणाले.

"घरी, साहेब," कानिफनाथ चाचरत बोलला. "नारळ दिला न्हवं तुमी त्येला?"

"फोडायला दिलाय!"

दीपा पंख्याजवळ उभी होती. तिच्या लक्षात सगळं एकदम आलं आणि ती साडीचा घोळ हातात धरून पळत सुटली.

"काका! काका, थांबा!"

सहादू गेटाशी थांबला. दीपाला धाप लागली होती.

"अहो, नारळ फोडायचा होता. मशीनमध्ये नीट लिहिलंय मी. काम, नारळ. माणूस, सहादू. आणि खाली टीप, तिसऱ्या बॉयलरपुढं फोडणे, मान सहादूकाकांचा. पण तो प्रोग्रॅम एकाच मशीनवर उघडतो. तुम्हा सगळ्यांना छापून द्यायचं म्हणून मी साध्या फाईलमध्ये काढलं. त्यात पट्ट्या येत नाहीत, बाण येत नाहीत, टीपही येत नाही. नुसती नावं आणि तारखा उतरतात. माझ्या ध्यानातच आलं नाही, नुसतं नारळ म्हटलं की आपली माणसं काय समजतील."

"म्हंजी फोडनं मशिनीतच ऱ्हायलं?"

"हो काका." पोरगी रडायच्या बेतात आली होती.

"रडू नगं. नारळाला दोन अर्थ हायेत, त्याला मशीन काय करील?" सहादू म्हणाला, पण त्याचाच आवाज फाटला. इतक्या दिवसांचं दाबून धरलेलं एकदम वर आलं. ओंजळीत नारळ असल्यामुळं त्याला डोळेही पुसता येईनात.

तोवर चीफ साहेब येऊन पोचले. "खुळा का रे तू? तुला कोण काढील?"

"साहेब," सहादू शांतपणे म्हणाला, "काडाया आदी आत घ्यावं लागतं."

साहेबांना वर्मी लागलं असावं. ते म्हणाले, "पुढच्या मीटिंगला..." आणि पुढचं गिळून टाकलं. मग त्यांनी स्वतः सहादूच्या दंडाला धरून त्याला परत नेलं.

सहादूनं एका घावात नारळ फोडला. पाणी दगडावरून ओघळलं, बॉयलरमध्ये ज्वाला उठली, टाळ्या पुन्हा वाजल्या. कानिफनाथानं मान खाली घालून दोरखंड परत केला. सहादूनं तो घेतला आणि खांद्यावर टाकला.

घरी चांगुणाबाई दारातच होती. तिची नजर आधी त्याच्या हातांवर गेली. खांद्यावर दोरखंड होता, हात मोकळे होते.

"नारळ दिला न्हाई व्हय?"

"दिला. फोडून आलो."

त्यानं खिशातला रुमाल सोडला. आत खोबऱ्याचा तुकडा होता. बसल्या बसल्या त्यानं सगळी हकिकत सांगितली. चांगुणाबाई हसली, रडली, कानिफनाथाच्या नावानं बोटं मोडली. मग जरा वेळानं, भीत भीत तिनं विचारलं, "म्हंजी काडलं न्हाई?"

"न्हाई."

"आन कायम?"

सहादूनं नुसती नाही म्हणून मान हलवली. कारखान्याच्या दिशेला तिसऱ्या बॉयलरचा नवा धूर वर चढत होता. चांगुणाबाईनं खोबऱ्याचे दोन तुकडे केले, मोठा त्याच्या हातात दिला, आणि दोघं उंबऱ्यावर बसून चावत राहिली.