काठोकाठ भरलेला पेला

ट्रायपॉड घ्यायला मी आत्याला सोबत नेलं. तिने उभा जन्म फोटो काढण्यात घालवलाय. पण दुकानात तिने जे आरंभलं, ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेका ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करून ती वर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायची आणि शेजारी धाडकन पाय आपटायची. मला आवडलेल्या हलक्या ट्रायपॉडने दुकानदाराचे बूट भिजवले. एका ओबडधोबड ट्रायपॉडवरचा पेला मात्र ढिम्म हलला नाही.

"हाच घे."

"अगं, केवढा जड आहे!"

तिने पेला उचलला. निम्मं पाणी तिच्याच हातून सांडलं. दहा वर्षं हे हात असेच थरथरताहेत. या दहा वर्षांत तिचा एकही फोटो हललेला नाही.