बिरोबाचा बोकड

आप्पारावाला बूड टेकवत नव्हतं. शेळ्या बालाघाटाच्या उतारावर बोरी ओरबाडत होत्या, बायको बायडाबाई पालापुढं भाकरी थापत होती, आणि हा पालाभोवती नुसता फिरत होता.

याला कारण जनावरांचा डॉक्टर. आदल्या दिवशी लस टोचायला आला आणि जाता जाता बोलून गेला, "तुम्ही डोंगरवाले तगडा बोकड आधी विकता, नाहीतर कापता. मागं उरतो मरतुकडा. त्याचीच पिल्लं वाढवता आणि म्हणता, शेळ्यांत काही मिळत नाही. एक तरी चांगला पैदाशीला ठेवा."

डॉक्टर मोटारसायकलवर बसून बीडला गेला. बोलणं आप्पारावाच्या डोक्यात राहिलं.

कळपात तगडा बोकड एकच, चांद्या. आणि तो बायडाबाईनं बिरोबाला नवसात बोललेला. येत्या अमावस्येला कापायचा.

"तुला दुसरा बोलता आला न्हाई?" आप्पारावानं विचारलं.

"तुमी न्यूमोनियानं घरघर करत व्हता. तवा मी बारका बोकड हुडकत बसू?"

"बारका न्हाई म्हणत मी. मधला."

"तुमी मधले हाव का?"

याला हो म्हणणंही अवघड आणि नाही म्हणणंही. आप्पारावानं आणखी एक चक्कर मारली. एका बाजूला चांद्या, दुसऱ्या बाजूला आपण. चांद्यापासून दरसाल तगडी पिल्लं मिळणार होती. आपल्यापासून काय मिळणार, याचा त्यानं फार खोलात विचार केला नाही.

"एक साल थांब म्हणावं देवाला," तो म्हणाला.

"थांबंल की. मंग तुमचं दुखणंबी परत धाडंल."

आप्पाराव आलेला खोकला गिळून पुन्हा चालू लागला. शेवटी बायडाबाईलाच त्या फेऱ्यांनी गरगरायला लागलं.

"बसा आता. माझ्या माहेरी देवाच्या नावानं जित्ता सोडतेत. सोडला की देवाचा झाला. त्याला इकायचा न्हाई, बांधायचा न्हाई, मारायचा न्हाई."

"हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

अमावस्येला चांद्याच्या कपाळी भंडारा लावून त्याला सोडलं. नवस फिटला, बोकड वाचला, पैदास घरची झाली. आप्पाराव पहिल्यांदाच निवांत टेकला. तेवढ्यात चांद्या उठला आणि अंग झाडून ओढ्यापलीकडं उतरलेल्या सटवाच्या कळपात जाऊन उभा राहिला. सटवाकडं शेळ्या जास्त होत्या.

आप्पाराव धावत गेला. सटवा हातावरची मक्याची भुकटी झटकत होता.

"आमचा बोकड हाय बे."

"तुमचा? आमी तर ऐकलं देवाचा हाय."

"तू मका दावून बोलावला."

"नैवेद्य हाय त्यो, आप्पाराव. देवाला उपाशी ठिवू का?"

बांधता येईना, ओढता येईना. आप्पारावानं हात जोडले, ते बोकडाला की सटवाला, हे त्यालाही नीट ठरवता आलं नाही. चांद्यानं मात्र तिकडं लक्षच दिलं नाही. त्याला काम होतं.

परतल्यावर आप्पारावानं आधी पालाचा खुंटा उपटला. बायडाबाई तव्यापाशीच होती.

"आता गं बया. हितला चारा सपला का?"

"न्हाई."

"मंग कुठं निघालाव?"

"ओढ्यापलीकडं," आप्पाराव दोरी गुंडाळत म्हणाला. "देव जाईल तिकडं."